दाताच्या डॉक्टरने घरातलं विचारावं का?

तापीकाठ (सोमवार, रात्री १०:१४)

मी डेंटिस्ट. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्हा नवरा-बायकोचं क्लिनिक आहे. बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडते.

तोंडाला मार लागलेल्या बायका येतात. मोरीत पाय घसरला, म्हशीने शिंग मारलं, गाडीवरून पडले. बऱ्याचजणी खरंच पडलेल्या असतात, आपल्याकडचे रस्ते तुम्ही पाहिलेत. पण काहींची गोष्ट आणि जखम जुळत नाही. माणूस पडला की आधी हात टेकतो, तळवे, कोपर, गुडघा सोलवटतो. इथे हात कोरे, वरचा ओठ आतून फाटलेला आणि समोरचा दात हलतोय. मार लागून आठवडा उलटलेला. बाई गप्प. सोबत आलेला माणूस सगळी उत्तरं देतो, 'दुखतंय का' याचंसुद्धा.

बीडीएसला फोरेन्सिकमध्ये दातांवरून मृतदेह ओळखायला शिकवलं, चाव्याच्या खुणा शिकवल्या. खुर्चीत बसलेल्या जिवंत बाईला काय विचारायचं, यावर एक तासही नव्हता.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, आपण रूट कॅनल करायचं, कॅप बसवायची. पोलिसांच्या भानगडीत पडलो तर त्या गल्लीतला एकही पेशंट परत येणार नाही. माझं मत, विचारायला हवं. पण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर पुढे काय? कळवणं सक्तीचं आहे का? कुणाला कळवायचं? तिची इच्छा नसेल तर? अनुभव असलेल्यांनी लिहा. कुणाची ओळख पटेल असं मात्र नको.

शेवभाजी (१०:२१)

डॉक्टर लोक तोंडात कापूस, आरसा, नळी सगळं घालून झालं की मग विचारतात, 'काय मग, मुलं काय करतात?' हे पण तेव्हाच विचारणार का?

केळीबाग (१०:४०)

आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरात भांडणं कोणाकडे होत नाहीत? डॉक्टरांनी हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये असं प्रामाणिक मत. आज एक विचारणार, उद्या ती बाई माहेरी जाऊन बसणार, परवा नवऱ्याकडचे दहा जण तुमच्या क्लिनिकवर. आमच्या रावेरकडे मी हे बघितलंय. डॉक्टरला शेवटी गाव सोडावं लागलं नाही, पण दुकान दुसऱ्या चौकात न्यावं लागलं.

दाढदुखी (१०:४३)

@केळीबाग, ओठ-दात मान्य. इथे दात शिल्लक राहत नाहीयेत हा तर प्रॉब्लेम आहे.

डॉ_जबडा (११:३०)

धुळ्यात जबड्याची ऑपरेशनं करतो. तापीकाठ, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. हनुवटीवर पडलेल्या माणसाला हनुवटीला खोक पडते आणि जबडा सांध्याजवळ मोडतो. ठोशाने मोडतो तो बहुतेक जबड्याचा कोन, गालाचं हाड, डोळ्याभोवतीचा भाग. मारणारा उजव्या हाताचा असेल तर जास्त करून डावी बाजू. घरातल्या मारहाणीत डोकं, चेहरा, मान यांवर मार सर्वांत जास्त असतो, आणि तो भाग आपण रोज एक फुटावरून बघतो.

पण एकट्या जखमेवरून निकाल देऊ नका. बघायचं ते हे की एकाच तोंडात वेगवेगळ्या काळच्या खुणा आहेत का. एक दात काळपट पडलेला म्हणजे नस कधीच मेलेली, शेजारचा आत्ता तुटलेला. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) जुनं, वेडंवाकडं जुळलेलं फ्रॅक्चर, ज्याबद्दल बाई काहीच सांगत नाही. 'चावताना दात पूर्वीसारखे बसत नाहीत' अशी तक्रार.

एक गोष्ट मात्र कधीही सोडू नका. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, टाळूवर किंवा डोळ्यांत बारीक लाल ठिपके दिसतायत. हे गळा दाबल्याचं असू शकतं. बाहेरून वळ नसला तरी पुढे काही तासांनी, कधी काही दिवसांनी जिवावर बेतू शकतं. अशा वेळी दात राहू द्या, त्याच दिवशी सिव्हिलला पाठवा.

आणि काळं-निळं पडलेल्याच्या रंगावरून 'तीन दिवसांपूर्वीचं' असं ठोकून देऊ नका. रंगावरून वय खात्रीने सांगता येत नाही. रंग लिहा, मापाने लांबी-रुंदी लिहा, बाजू लिहा, पुढचं कोर्ट बघेल.

शेवभाजी (११:३६)

मी चेष्टा केली ती मागे घेतो. वाचतोय.

कळण्याची_भाकर (११:५२)

नका मागे घेऊ, तुमच्या चेष्टेत मुद्दा आहे. मी डेंटल असिस्टंट आहे. डॉक्टर खुर्ची आडवी करतात, वरून दिवा, तोंडाशी पुरुषाचे हात, मान हलवता येत नाही. मार खाल्लेल्या बाईला तिथेच घाम फुटतो. आम्ही दोघी-तिघी अशा पाहिल्या, नुसती खुर्ची मागे गेली तरी दचकून उठल्या. म्हणून जे विचारायचं ते खुर्ची सरळ असताना, तोंडात काही नसताना. आणि 'हात वर केलात की थांबेन' हे आधीच सांगायचं. आमच्या मॅडम प्रत्येक पेशंटला सांगतात, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही.

वकीलबाई_धुळे (मंगळवार, सकाळी ७:०५)

डॉक्टर मंडळींना त्यांच्याच धंद्यातला एक मुद्दा बहुतेक वेळा माहीत नसतो. दात मोडणं किंवा निखळणं ही कायद्याने 'जबर दुखापत' आहे. आधी भादंवि (भारतीय दंड संहिता) ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता कलम ११६, त्यातला सातवा प्रकार, हाड किंवा दात. शिक्षा ११७(२) खाली ७ वर्षांपर्यंत. थोबाडीत बसून गाल सुजला तर साधी दुखापत, तेवढ्याच जोराने दात गेला तर जबर. प्रकरण कुठल्या कलमात जाणार हे तुमच्या केसपेपरवर ठरतं, आणि त्या केसपेपरवर काय असतं? 'पेन, एक्स्ट्रॅक्शन डन, गोळ्या ५ दिवस.'

समोरचा वकील काय म्हणतो तेही सांगते. 'बाई मिश्री लावते, हिरड्या कुजलेल्या, दात पायरियाने आधीच हलत होता, भाकरी चावताना पडला.' आपल्याकडे मिश्री किती घरांत आहे ते सांगायला नको. त्यामुळे नुसतं 'दात हलतो' लिहून भागत नाही. शेजारचे दात घट्ट आहेत का, एक्स-रेमध्ये हाड किती आहे, ओठावर आतून त्याच जागी जखम आहे का, हे लिहिलं असेल तर तो युक्तिवाद तिथेच संपतो.

आता सक्तीचं काय. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ (लागू २६ ऑक्टोबर २००६). कलम ४ म्हणतं, हिंसा झाली, होतेय किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला ज्याच्याकडे कारण आहे असा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू 'शकतो', आणि सद्भावनेने कळवलं तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. सज्ञान बाईच्या बाबतीत या कलमाची तुमच्यावर सक्ती नाही. कलम ७ आणि नियम १७ खाली, शासनाने अधिसूचित केलेलं रुग्णालय असेल तर उपचार नाकारता येत नाहीत, आधी घरातल्या हिंसेचा अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखानेच तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणीची प्रत बाईला फुकट द्यायची असते. तालुक्यातलं खाजगी क्लिनिक त्यात आपोआप येत नाही.

सक्ती आहे ती दोन ठिकाणी. पेशंट १८ च्या आतली आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) कलम १९. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद. लग्न झालेलं असलं तरी १८ च्या आतली ती मूलच, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. दुसरं, बलात्कार किंवा ॲसिडहल्ला. तिथे सरकारी-खाजगी प्रत्येक रुग्णालयाला मोफत प्रथमोपचार द्यायचे असतात आणि लगेच पोलिसांना कळवायचं असतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९७.

केळीबाग (७:४८)

मॅडम, सगळं ठीक. पण ४९८अ च्या (सासरच्या छळाच्या) खोट्या केसेस किती होतात ते पण लिहा ना. माझ्या मावसभावाला आई-वडिलांसकट पाच वर्षं तारखा. डॉक्टरने शंकेवर कागद रंगवला आणि तो कागद उद्या खोट्या केसमध्ये वापरला गेला तर?

वकीलबाई_धुळे (८:१०)

तुमच्या मावसभावाचं मला माहीत नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल २०१४ चा आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरळ उचलून आत टाकायचं नाही, आधी नोटीस, हे तेव्हापासून आहे. ४९८अ आता ८५ झालंय, शिक्षा तीच, ३ वर्षांपर्यंत.

आणि नीट केलेली नोंद खोट्या केसमध्ये नवऱ्यालाच वाचवते. डॉक्टरने 'नवऱ्याने मारलं' असा निष्कर्ष लिहायचाच नाही. बाई काय बोलली ते तिच्याच शब्दांत, अवतरणात, आणि आपल्याला काय दिसलं ते. 'वरचा डावा पुढचा दात, क्रमांक २१, मुकुटाचा तिरका तुकडा गेलेला, नस उघडी, वरच्या ओठावर आतून दीड सेंमी फाटलेलं.' जखम नसेल तर नाही असं लिहा. मग वापरू दे कुणाला वापरायचा तर.

दाढदुखी (८:१५)

२१ म्हणजे एकविसावा दात?

डॉ_जबडा (८:३३)

नाही भो. पहिला आकडा तोंडाचा कोपरा, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात. २१ म्हणजे वरून डावीकडचा पहिला. मधल्या रेषेच्या दोन बाजूंना ११ आणि २१, मार लागला की जास्त करून हेच दोन जातात.

शेवभाजी (८:४०)

विषयांतर होतंय, पण पडलेला दात परत बसतो म्हणतात ते खरं का? माझ्या पोराचा क्रिकेट खेळताना गेला, आजीने छपरावर फेकून दिला. वय वर्षं अकरा.

डॉ_जबडा (८:५८)

अकराव्या वर्षी पुढचा दात कायमचा असतो, तो छपरावर नाही फेकायचा! वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. मातीत पडला तर गार पाण्याखाली काही सेकंद धरून जागेवर दाबून बसवायचा. जमत नसेल तर दुधात टाकून पळत डॉक्टरकडे, अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम, तासाच्या आत तरी. मारहाणीतही हेच लागू, पण त्या बायका आठवड्याने येतात हाच तर रडगाणं.

कळण्याची_भाकर (९:२०)

आठवड्याने सुद्धा नाही, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतात! खरंच. सासरी दाखवायची सोय नाही, पैसे हातात नाहीत, म्हणून माहेरी आल्यावर आई घेऊन येते. आमच्याकडे अखाजीच्या आसपास आणि दिवाळीत तुटलेले जुने दात जास्त दिसतात. तेव्हा सोबत नवरा नसतो, आई असते. विचारायला याहून बरी वेळ मिळणार नाही.

तापीकाठ (दुपारी २:०५)

कळण्याची_भाकर, हे डोक्यातच आलं नव्हतं, पण माझंही रजिस्टर चाळलं तर हेच दिसेल.

वकीलबाई, खूप आभार. एक शंका राहते, एकटीला गाठायचं कसं? मी एक्स-रेचा उपाय करते. 'किरणं असतात, बाकीच्यांनी बाहेर थांबा' म्हटलं की कुणी वाद घालत नाही, आणि नियमही तोच आहे.

डॉ_जबडा (२:२६)

उपाय चांगला, पण लहान एक्स-रे निघतो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तेवढ्यात काय विचारणार? नवरा दाराला कान लावून असतो. त्यापेक्षा नर्सने 'चला, चूळ भरा, तोंड धुवा' म्हणून आत न्यावं.

कळण्याची_भाकर (२:४१)

नर्स त्याच गल्लीतली असते डॉक्टरसाहेब. दुपारी बोललेलं संध्याकाळी ओट्यावर. आधी आम्हाला कुणीतरी बसवून सांगा की हे बाहेर गेलं तर बाईचा जीव जाऊ शकतो. आम्हाला कुणी असलं काही सांगत नाही. एप्रन देतात आणि साफसफाई शिकवतात.

खानदेशी_परदेशी (सायंकाळी ६:३०)

मूळ भुसावळची, सध्या कॅलिफोर्नियात डेंटल हायजिनिस्ट. इथे मारहाणीची जखम वाटली तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, डेंटिस्टलाही. बाईची इच्छा असो-नसो. सुरुवातीला मला हे फार योग्य वाटलं होतं. आता तितकंसं नाही. कागदपत्रांची अडचण असलेल्या आपल्या देशी बायका एकदा कळल्यावर परत दवाखान्यात पायच ठेवत नाहीत. दात सडू देतात.

इथे डेंटिस्टना चार पायऱ्या शिकवतात. विचारा, 'यात तुमची चूक नाही' असं सांगा, नोंद करा, योग्य ठिकाणी पाठवा. सोडवणं आपलं काम नाही, हे त्यात आलं. मला ते शिकायला वेळ लागला.

वकीलबाई_धुळे (६:५५)

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलंय, सज्ञान बाईच्या बाबतीत पोलिसांना सक्तीने कळवू नये, तिची इच्छा असेल तर कळवण्याची तयारी दाखवावी. सरसकट प्रत्येकीला फॉर्म भरून विचारत बसा असंही त्यात नाही. शंका आली तर विचारा.

केळीबाग (७:२०)

म्हणजे तुम्ही पण शेवटी तेच म्हणताय ना जे मी म्हणालो. भानगडीत पडू नका.

वकीलबाई_धुळे (७:२४)

नाही. पोलिसात तिच्या मर्जीशिवाय जाऊ नका म्हणतेय. विचारू नका, लिहू नका असं नाही म्हणत. यात फरक आहे आणि तो तुम्हाला कळलाय.

व्यवस्थापक (७:३१)

वरच्या एका प्रतिसादात गाव आणि आडनाव होतं, तो काढला आहे. अनुभव लिहा, माणसं ओळखू येतील असं लिहू नका.

मूक_वाचक (रात्री ११:४८)

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझे दोन दात गेले, वेगवेगळ्या वर्षी. पहिल्या वेळी ज्या डॉक्टरकडे गेले ते फार चांगले होते, पैसेही कमी घेतले. ते नवऱ्याशी बोलले. 'जरा जपा हो वहिनींना' असं हसत म्हणाले. त्यांना समजलं होतं. मला वाटलं आता हे काहीतरी म्हणतील, पण ते माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून बोलत होते. घरी गेल्यावर 'डॉक्टरला काय सांगितलंस' म्हणून परत.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाईंकडे. त्यांनी नवऱ्याला कॅपच्या रंगाचा कॅटलॉग घेऊन बाहेर बसवलं, कुठला रंग जुळेल ते बघा म्हणून. मला फक्त एवढं विचारलं, 'घरी जायला भीती वाटते का?' मी नाही म्हणाले. खोटं बोलले. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण तुमचा कागद मी नीट लिहून ठेवते, कधीही लागला तर या. मी बऱ्याच महिन्यांनी गेले. कागद होता. फोटोही होते.

लगेच 'हो' म्हणेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये, म्हणून लिहिलं.

शेवभाजी (११:५५)

ताई, बरं झालं लिहिलंत.

केळीबाग (बुधवार, सकाळी ६:१५)

वाचलं. काल लिहिलं त्यातलं सगळं मागे घेत नाही. पण पहिल्या डॉक्टरने जे केलं ते आमच्याकडे सगळेच करतात. पुरुष पुरुषाशी बोलून मिटवतो. त्यात घरी गेल्यावर काय होतं हा विचार केला नव्हता.

माजी_संरक्षण_अधिकारी (९:१०)

महिला व बालविकास विभागात हे काम केलंय, म्हणून कळवल्यावर काय होतं ते सांगतो. पोलीस लगेच दारात उभे राहतात अशी लोकांची समजूत आहे. तसं नसतं. आम्ही बाईशी बोलतो, तिची तयारी असेल तर अहवाल (डीआयआर) भरतो, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्यावर संरक्षण आदेश मिळतो, राहत्या घरातून काढू नये असा आदेश मिळतो, खर्च मिळतो. संरक्षण आदेश मोडला तर गुन्हा, एक वर्षापर्यंत. कायद्यात अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात कसं चालतं ते वकीलबाई हसून सांगतील.

डॉक्टरांना एक विनंती, पक्की पावती द्या. कलम २० खाली उपचाराचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो. रूट कॅनल, कॅप, इम्प्लांट, हे हजारांत जातं. पावती नसली की आम्ही काय मागणार? आणि पुढे लागणाऱ्या कामाचा अंदाजही लेटरहेडवर लिहून द्या.

अजून एक. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी, सगळ्यांना आहे. माझ्याकडे कवळी फोडलेल्या म्हाताऱ्या आल्या आहेत. पोराने किंवा सुनेने रागात फेकून दिलेली. बाई महिनाभर पातळ खिचडीवर. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढले, तेव्हापासून सुनेविरुद्धही अर्ज करता येतो. तुमच्याकडे म्हातारी पुन्हा पुन्हा नवी कवळी मागायला आली तर जुनी कशी तुटली हे जरूर विचारा.

वकीलबाई_धुळे (९:२२)

हसत नाही. तारखा मोजते.

दाढदुखी (९:४०)

आकडेवारी कुणी दिली नाही म्हणून देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१. देशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात २५.२. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडेतरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के, त्याही बहुतेक माहेरच्यांकडे. डॉक्टर त्या यादीत पार तळाला.

सातपुडा_पायथा (दुपारी १२:१५)

नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. तुमची चर्चा क्लिनिक असलेल्या गावांची आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दाताचा डॉक्टर म्हणजे कधीतरी येणारं शिबिर. तिथे रांगेत साठ बायका, सगळ्यांसमोर तोंड उघडायचं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बायका परत येतात तेव्हा काय झालं, कुणी केलं, नवऱ्याने की मुकादमाने, विचारायला कुणाला वेळ नसतो.

आणि मारणारा दर वेळी नवराच असतो असं नाही. डाकीण ठरवून भाऊबंद मारतात. त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, घरातलं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका.

शिबिरात आम्ही एकच गोष्ट करू शकलो. तपासणीचं टेबल पडद्याआड नेलं आणि आशाताईला पडद्याच्या आत बसवलं. भिली, पावरी कळणारी तीच. डॉक्टरने प्रमाण मराठीत विचारलं की बाई मान डोलावते, बास.

अखाजीची_झोका (१:०२)

भाषेचा मुद्दा पटला. आमच्या अमळनेरकडे 'तुम्हाला कौटुंबिक हिंसाचार होतो का' विचारलं तर बाई म्हणेल, नाही हो, आमच्याकडे तसलं काही नाही. 'घरमा कोनी हात उचलस का?' म्हटलं की खाली बघते.

तापीकाठ (रात्री ९:३०)

सगळं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. दात क्रमांक, शेजारच्या दातांची स्थिती, ओठाची जखम, तिचे शब्द, अशा छापील केसपेपरला तो तयार आहे, कारण 'हे तर ट्रॉमाच्या प्रत्येक पेशंटला लागतं'. पोलिसांच्या बाबतीत अजून तयार नाही. ती 'हो' म्हणाली तर मी तिच्यासमोर, तिच्या परवानगीने, १८१ (महिला हेल्पलाइन) लावून देणार किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्राला (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) फोन करणार, आणि लगेच धोका असेल तर ११२. नंबर तिच्या मोबाइलवर पाठवणार नाही, बहुतेकींचा फोन घरात दुसरंच कुणी बघतं.

आता एक मदत हवी. बायकांच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला कागद लावायचा आहे. अहिराणीत असा मजकूर केलाय: 'घरमा कोनी मारस, धमकावस? डॉक्टर ताईसंगे एकलं बोलानं व्हई ते चिठ्ठीवर फुली करीसन दे. फुकट फोन: १८१.' चुकलं असेल तर सुधारा. मी लेवा पाटलांकडची, अहिराणी सासरची.

अखाजीची_झोका (९:४४)

चालेल. पण वाचता न येणाऱ्यांचं काय? चित्र टाका. आणि फुली कसली, चिठ्ठी तर काउंटरवर नवऱ्यासमोरच द्यायची ना.

कळण्याची_भाकर (९:५१)

आमच्याकडे लघवीच्या तपासणीची बाटली खिडकीतून आत देतात, तसं काही करता येईल. स्वच्छतागृहातच एक डबी ठेवा, त्यात लाल आणि पांढरे मणी. बोलायचं असेल तर लाल मणी नर्सच्या हातात द्यायचा. मणी कुणाकडेही सापडला तरी त्याचा काही अर्थ लागत नाही.

शेवभाजी (९:५५)

आणि नर्स त्याच गल्लीतली निघाली तर?

कळण्याची_भाकर (१०:०३)

तर मॅडमनी आधी नर्सला बसवून सांगायचं. मी वर लिहिलंय ते परत वाचा.

सातपुडा_पायथा (१०:२०)

१८१ च्या खाली ग्रामीण रुग्णालयाचं नाव आणि कुठल्या वारी तिथे समुपदेशक बसतात ते पण लिहा. आमच्या वरच्या पाड्यांवर नेटवर्क नसतं, पण बाजाराच्या दिवशी बाई खाली येतेच.

तापीकाठ (१०:२६)

वार उद्या फोन करून विचारते. मणी कुठे मिळतील, फुले मार्केटला?